इंजेक्शनची मात्रा जनावराच्या वजनावर



गाय दगडीने, म्हणजे कासदाहाने, आजारली की ‘मागच्या वेळी दिले तेवढेच द्या’ असे आपण सांगतो. हे टाळावे.

सडात सोडायची ट्यूब वजनावर नसते. प्रतिजैविकाच्या इंजेक्शनची मात्रा मात्र दर किलो वजनामागे ठरते. ती कमी पडली तर नाजूक जंतू मरतात, चिवट उरतात व वाढतात. पुढे ते औषध लागू पडत नाही आणि सड निकामी होतो. पेनिसिलिनचे संशोधक फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच हा धोका सांगितला होता.

अंबड असो की भोकरदन, गोठ्यावर वजनकाटा नसतो. पण टेप असते. पुढच्या पायांमागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंत लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे अंदाजे किलो. घेर ६६ व लांबी ५५ असेल तर गाय ३६३ किलोची. नजरेने २५० धरली, तर औषध जवळजवळ एक तृतीयांश कमी पडेल.

हे वजन पशुवैद्यकांना सांगा. औषध व मात्रा तेच ठरवतील. इंजेक्शनपूर्वी दुधाचा नमुना तपासणीस द्या. बरे वाटले तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. लेबलवरील मुदत संपेपर्यंत दूध डेअरीला घालू नका, वासरालाही पाजू नका. चिवट जंतू माणसांपर्यंतही पोचतात. म्हणूनच सरकारने २०१९ मध्ये दुभत्या व मांसाच्या जनावरांत कोलिस्टिन वापरण्यास बंदी घातली.

गोठ्यात टेप टांगून ठेवा.