आवड, अभ्यास आणि आयुष्याचे टप्पे
(सुवर्णमहोत्सवानिमित्त महाल येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



महालातील जुन्या वाड्यांच्या ओट्यांवर, बडकस चौकात, गांधी गेटच्या आसपास सायंकाळी ज्येष्ठ मंडळी बसतात तेव्हा एक वाक्य हमखास कानी येते : “सारा जन्म पेढीवर गेला, आवडीचे काही करायचे राहूनच गेले.” त्यांच्याच घरातील पदवीधर नातवाची तक्रार वेगळी असते. आपल्याला नेमके काय आवडते, हेच त्याला उमगत नाही. दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच समजूत आहे. आवड मनुष्य जन्मतः घेऊन येतो आणि तिची एक ठरावीक वेळ असते, ही ती समजूत. विदर्भाच्या भूमीत घडलेले एक चरित्र या समजुतीला उत्तर देणारे आहे.

डॉ. हीरालाल जैन यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस नरसिंहपूर जिल्ह्यातील एका खेड्यात झाला. अलाहाबादला त्यांनी संस्कृत विषयात एम. ए. केले, सोबत कायद्याची पदवीही घेतली. वकिली करावी की अध्यापन, असा चारचौघांसारखाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्या सुमारास कारंजा येथील जैन मंदिरांतील शास्त्रभांडारे त्यांच्या पाहण्यात आली. कापडात बांधून कपाटात ठेवलेल्या त्या पोथ्यांत अपभ्रंश भाषेतील काव्ये होती. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि आजची मराठी-हिंदी यांच्या मधला दुवा. या भाषेतील वाङ्मयाचा मोठा भाग तोवर विद्वानांच्याही दृष्टीआड होता. ठरवून केलेला शोध नव्हता तो; पोथी पुढे आली आणि माणूस तिच्यात गुंतला.

१९२५ मध्ये ते अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक झाले. नोकरी आवडीच्या आड येते असे म्हणणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. शिकविणे संस्कृतचे चालू होते, आणि उरलेल्या वेळात अपभ्रंशाचे संपादन. १९३२ ते १९३४ या काळात ‘सावयधम्मदोहा’, ‘पाहुडदोहा’, ‘णायकुमारचरिउ’ आणि ‘करकंडचरिउ’ हे चार ग्रंथ त्यांच्या संपादनाने कारंज्याहून प्रसिद्ध झाले. यांतील करकंडचरिउमध्ये तेरापूर येथील लेण्यांचे वर्णन येते. ते वाचून पाठ शुद्ध करणे एवढ्यावर संपादकाचे काम भागले असते. डॉ. जैन यांनी त्या वर्णनाचा मेळ धाराशिवजवळच्या लेण्यांशी घालून दाखविला. ज्याला गोडी लागली आहे, तो असा एक पाऊल पुढे जातो. त्याचे वेगळे वेतन कोणी देत नाही.

चाळिशीच्या उंबरठ्यावर या आवडीचे रूप पालटले. आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांचा ‘षट्खंडागम’ आणि त्यावरील वीरसेनाचार्यांची ७२,००० श्लोकप्रमाण ‘धवला’ टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात कन्नड लिपीतील ताडपत्रांवर जपलेली होती. तिचे दर्शन होई, वाचन नव्हे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तिच्या नकला बाहेर आल्या, परंतु नकलेवरून नकल होताना अशुद्धे वाढत गेली. विदिशा येथील श्रीमंत सेठ लक्ष्मीचंद्र यांच्या दानातून अमरावतीत साहित्योद्धारक फंड उभा राहिला आणि १९३९ मध्ये पहिला खंड छापून झाला. आगम छापावा की नाही, येथपासून मतभेद होते.

त्यातच एका शब्दाने मोठे वादळ उठविले. पहिल्या खंडातील ९३ व्या सूत्रात हाताशी असलेल्या प्रतींत ‘संजद’ हा शब्द नव्हता. टीकेचा ओघ पाहता तो तेथे असला पाहिजे, अशी तळटीप संपादकांनी दिली. स्त्रीमुक्तीच्या प्रश्नाशी त्याचा संबंध जोडला गेला आणि वर्षानुवर्षे लेख-प्रतिलेख झडले. पुढे मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्राशी ताडून पाहिले असता तो शब्द तेथे आढळला. अशा वादात छंद म्हणून काम करणारा मनुष्य केव्हाच बाजूला झाला असता. तारुण्यातील गोडी प्रौढ वयात जबाबदारी होते, आणि ते ओझे वाहणे हाही त्या आवडीचाच भाग असतो. सुमारे २० वर्षांत, पं. फूलचंद्र, पं. हीरालाल, पं. बालचंद्र या शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने, १६ खंड पूर्ण झाले. या काळात ते नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात आले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. दिली.

निवृत्तीनंतर १९५५ मध्ये बिहारात वैशालीच्या नावाने प्राकृत संशोधन संस्था सुरू झाली, तिचे ते पहिले संचालक. तेथून साठी ओलांडल्यावर जबलपूर विद्यापीठ. आता त्यांचे मुख्य काम विद्यार्थी घडविण्याचे होते.

हे विद्वानांचे झाले, व्यापाऱ्याने काय करावे, असा प्रश्न येथे कोणाच्याही मनात येईल. सोलापूरचे जीवराज गौतमचंद दोशी हे व्यापारी कुळातील. संसारापासून अलिप्त झाल्यावर, १९४० मध्ये, आपल्या न्यायार्जित धनाचे काय करावे, हे विचारण्यासाठी ते देशभर हिंडले. विद्वानांची मते त्यांनी समक्ष आणि लेखी घेतली. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळ गजपंथा क्षेत्री विद्वानांना बोलावून त्यांनी जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापिला आणि ३०,००० रुपये दिले. १९४४ मध्ये सुमारे २ लाखांची उरलेली संपत्तीही संघाला अर्पण केली. त्या धनातून निघालेल्या ग्रंथमालेचे प्रधान संपादक डॉ. हीरालाल जैन आणि कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये. याच मालेत १९५८ मध्ये नागपूरच्या डॉ. विद्याधर जोहरापूरकरांचा ‘भट्टारक संप्रदाय’ प्रसिद्ध झाला. आपल्या कारंजा-नागपूरच्या गादीपरंपरेचा इतिहास ज्याला हवा असेल, त्याला तो ग्रंथ उघडल्यावाचून गत्यंतर नाही.

भगिनींसाठीही उदाहरण दूर नाही. सोलापूरच्या पं. सुमतीबाई शहा यांनी अल्पवयात आलेले वैधव्य अध्ययन आणि श्राविकाश्रमाच्या कार्यात सार्थकी लावले. ज्या आगमाच्या वाचनाचा अधिकार गृहस्थाला आहे की नाही यावर एके काळी वाद होई, तोच षट्खंडागम १९६५ मध्ये त्यांच्या संपादनाने फलटणहून निघाला.

आणि वयाची सबब सांगणाऱ्यांसाठी म. म. वा. वि. मिराशी. संस्कृतचे अध्यापक म्हणून ते १९१९ मध्ये नागपुरास आले, कालिदासावर लिहू लागले आणि पुढे कोरीव लेखांकडे वळले. कलचुरींचे लेख प्रसिद्ध झाले तेव्हा ते ६२ वर्षांचे होते, वाकाटकांचे झाले तेव्हा ७०, आणि शिलाहारांचे १९७७ मध्ये, ८४ व्या वर्षी.

डॉ. जैन यांच्याकडे पुन्हा वळू. १९६६ मध्ये त्यांनी ‘सुगंधदशमीकथा’ अपभ्रंश, संस्कृत, गुजराती, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांतील रूपांसह संपादित केली. पर्युषणात भाद्रपद शुद्ध दशमीला घरोघरी स्त्रिया ज्या व्रताची कथा ऐकतात, तीच ही. त्यातील मराठी कथा जिनसागरांची आहे आणि तिची सचित्र पोथी नागपुरातील जैन मंदिरात जपलेली होती. कारंज्याचे कपाट उघडल्याला तेव्हा चाळीसहून अधिक वर्षे लोटली होती.