बर्फाच्या पेटीपुढे



अंतराचे ओझे आमच्या नागपूर शहराला चांगले ठाऊक आहे. इथून हृदय मुंबईला पाठवायचे, तर ग्रीन कॉरिडॉर, विमान, पुन्हा रस्ता आणि हृदय बसवणे, सारे साधारण चार तासांत उरकावे लागते. बर्फाच्या पेटीत ते त्याहून फार टिकत नाही. थंडीने पेशींचे काम मंदावते, पण थांबत नाही. शिवाय पेटीतला अवयव कितपत चांगला आहे, हे तपासता येत नाही. शंका आली की सर्जन तो नाकारतो. त्याला दोष कसा द्यावा? टेबलावरच्या रुग्णाची जबाबदारी त्याच्यावर असते.

पण आपल्यातले प्रत्यारोपण समन्वयक दात्याच्या नातेवाइकांपाशी बसलेले असतात. मेंदूमृत्यूची तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होते. तेवढा वेळ आयसीयूबाहेर काढून त्या माणसांनी होकार दिलेला असतो. निव्वळ शंकेपायी तो वाया जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

टोरांटोत डॉ. शफ केशवजी यांच्या चमूने या शंकेचाच छडा लावला. सहज नाकारली गेली असती अशी फुप्फुसे त्यांनी पारदर्शक घुमटाखाली ठेवली, व्हेंटिलेटर जोडला आणि शरीराच्या तापमानाला त्यांतून खास द्रव फिरवला. फुप्फुसात साचलेले पाणी हा द्रव ओढून घेतो. फुप्फुस ऑक्सिजन किती देते, हे मोजता येते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अशा 23 दात्यांपैकी 20 जणांची फुप्फुसे रुग्णांना बसवली गेली. 2013 साली लंडनमध्ये ऑक्सफर्डच्या यंत्रावर उबदार ठेवलेल्या यकृताचे प्रत्यारोपण झाले. यंत्रावरचे यकृत पित्त स्रवू लागते, ते नळीतून उतरताना दिसते. झ्युरिकमध्ये तर यंत्रावर तीन दिवस ठेवलेले यकृत रुग्णाला बसवले गेले.

यंत्रे महाग आहेत, आणि ती चालवणारी माणसे घडवणे त्याहून अवघड. म्हणून एकेका रुग्णालयाने ती घेण्यापेक्षा विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे सामाईक यंत्र आणि प्रशिक्षित पथक असावे, खर्च शासनाने उचलावा, असे मला वाटते. उद्या दुपारच्या सत्रात यावर चर्चा आहे. ही यंत्रे चालवणाऱ्या पर्फ्युजनिस्ट मंडळींनी तिथे आपल्या गरजा स्पष्ट मांडाव्यात, म्हणजे ठरावाचा मसुदा संध्याकाळपर्यंत तयार करता येईल.