तुटलेला धागा जुळविताना
(सात रस्ता, सोलापूर येथील भाषण)



आइसलँड या दूरच्या बेटावर इसवी सन १००० च्या सुमारास प्रमुखांच्या सभेने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. वज्रधारी इंद्राप्रमाणे हातोडा धरणाऱ्या थॉर देवाची उघड पूजा बंद पडली. १९७२ साली स्वेनब्यर्न बेनतेनसन या शेतकरी कवीने मूठभर मंडळींसह ती उपासना पुन्हा सुरू केली. १९७३ मध्ये सरकारमान्यता मिळाली. राजधानी रेक्याविक येथे २०१५ साली मंदिराचे काम हाती घेतले. खर्च वाढला, काम रेंगाळले. तरी त्यांनी ते सोडले नाही.

तिकडे जवळजवळ हजार वर्षांनी धागा जुळवावा लागला. आपल्या पूर्वजांनी पूजा खंडू दिली नाही. देणगीदारांनी जीर्णोद्धार केला. रोजची दिवाबत्ती मात्र गावानेच सांभाळावयाची आहे.