मृत्युपत्र मोफत, पण कोणाच्या हिताचे?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



विमा एजंट, गुंतवणूक सल्लागार, काही धर्मादाय संस्था आज "तुमचे मृत्युपत्र मोफत करून देतो" असे सांगतात. ते स्वीकारावे का, असे सभासद विचारतात. माझे उत्तर असे की, फुकट आहे म्हणून घेऊ नये आणि फुकट आहे म्हणून टाळूही नये. खर्च कोण करतो व त्याला त्यातून काय हवे आहे, हे पाहून ठरवावे.

मुळात मृत्युपत्राला फार खर्च येतच नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे ते साध्या कागदावर, आपल्या मराठीत लिहिता येते. मुद्रांक लागत नाही. करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा, तो दोन साक्षीदारांनी पाहावा आणि त्यांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात. दुय्यम निबंधकाकडील नोंदणी ऐच्छिक आहे, पण केलेली बरी. हयातीत ते केव्हाही बदलता येते. म्हणजे मोफत मिळते ते लिहिण्याचे श्रम. खरी किंमत आहे ती सल्ल्याची.

मृत्युपत्र नसेल तर काय होते? हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ बौद्धांनाही लागू आहे. त्याप्रमाणे पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. स्त्रीला मिळकतीत हक्क मिळावा म्हणून बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी झुंज दिली आणि १९५१ साली कायदामंत्रिपद सोडले, हे आपण जाणताच. आता एखाद्याने छापील फॉर्म पुढे केला, त्यात "माझे घर मुलास" एवढेच लिहिले आणि वडिलांनी सही केली, तर कायद्याने लेकीला दिलेला वाटा एका सहीने जातो. असा मोफत कागद फार महाग पडतो.

उलट, मृत्युपत्राची खरी गरज असलेली घरेही आहेत. वडिलांमागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी असतील तर राहत्या घरात आईचा वाटा चौथाच येतो. म्हातारपणी तिला घराबाहेर जावे लागू नये, असे वाटणाऱ्याने मृत्युपत्र जरूर करावे. बँकेत वारसदार म्हणून नाव लावले आहे, तेवढ्यावर विसंबू नये. असा नामनिर्देशित माणूस पैसे स्वीकारतो, तेवढ्याने त्यांचा मालक होत नाही.

इंग्लंडमध्ये दरवर्षी मार्च व ऑक्टोबरमध्ये पंचावन्न वर्षांवरील लोकांना वकिलाकडून मोफत मृत्युपत्र करून मिळते. खर्च धर्मादाय संस्था करतात. आपल्यालाही काही ठेवावे, अशी त्यांची अपेक्षा असते, पण सक्ती नसते आणि ही गोष्ट उघड असते. तेव्हा आपणही विचारावे : यात विमा घ्यावा लागेल का? अंमलबजावणी करणारा म्हणून तुमचेच नाव घालाल का आणि त्याची फी किती? मूळ प्रत कोणाकडे राहील? उत्तरे लेखी मिळाली नाहीत तर उठून यावे.

आपल्या समाजाला दुसरा मार्गही आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे अनुसूचित जातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर सल्ला मागता येतो. केंद्राने १९९० साली अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही त्या यादीत घेतले आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज करावा. हा आपला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

शेवटी संस्थेविषयी. आपणही असे शिबिर घ्यावे, असे माझे मत आहे. मात्र त्यात विहारासाठी दान मागू नये आणि कोणाही पदाधिकाऱ्याला लाभ होऊ नये. ज्याला लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद बाब ठरते व तो संशय त्यानेच दूर करावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात १९५८ सालीच सांगितले आहे.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी योग्य वेळी वारसा सोपवणे हे आईवडिलांचे कर्तव्य सांगितले आहे. विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर आईवडिलांशी हा विषय बोला. बहिणीलाही शेजारी बसवा.

जयभीम! नमो बुद्धाय!