काय आठवतं, ते विचारा

(संस्थेच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

परदेशातून परतलेल्या बाईला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तिकडे कशाची आठवण यायची गं?" तिनं वडापाव, आईच्या हातचं लोणचं, गणपती असं काहीतरी सांगावं, अशी अपेक्षा असते. परत आल्यापासून मीही तसंच सांगत आले. आज मात्र माझी खरी यादी तुमच्यापुढे ठेवणार आहे. ती सांगताना मला थोडी लाजही वाटते. का, ते पुढे कळेलच.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर पाच वर्षं मी मुंबईत कौटुंबिक सल्ला केंद्रात काम केलं. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत न्यू जर्सीला गेले आणि चार वर्षं राहिले. नवऱ्याचा व्हिसा एच-१बी, माझा एच-४, म्हणजे अवलंबित व्यक्तीचा. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाचा ठरावीक टप्पा मंजूर झाला असेल, तर अशा काही बायकांना २०१५ पासून नोकरीचा परवाना मिळू लागला. आमचा अर्ज त्या टप्प्याला पोहोचला नव्हता. त्यामुळे पगारी काम करायला मला कायद्यानंच बंदी होती. दुसऱ्या बायकांना 'आर्थिकदृष्ट्या स्वावलंबी व्हा' असं सांगणारी मी कागदोपत्री अवलंबित झाले.

आता यादी.

पहिली आठवण लोकलच्या लेडीज डब्याची. डोंबिवली ते दादर मी रोज उभ्यानं प्रवास करायची आणि त्या गर्दीला शिव्याही घालायची. पण त्या डब्यात शेंगा सोलल्या जायच्या, सासूची गाऱ्हाणी व्हायची, नोकरीच्या जाहिराती आणि डॉक्टरांचे पत्ते एकीकडून दुसरीकडे जायचे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली 'लेडीज स्पेशल' सुरू झाली, तेव्हा बायकांना बसायला जागा मिळालीच, पण घर आणि ऑफिस यांच्यामधला रोजचा तासभर हक्काचा मिळाला. न्यू जर्सीत आमच्या घरापासून दुकान तीन मैलांवर. रस्त्याला फूटपाथ नाही, जवळ बसची सोय नाही. गाडी शिकायला मला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी एकटी अशी कुठेच गेले नाही. घराला कुलूप नव्हतं, तरी बाहेर पडता येत नव्हतं.

दुसरी आठवण भाजीवालीची. खरं तर भाजीची नाही. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत मेथी, गवार, अळू, सगळं मिळतं. आठवायचं ते पर्समधून स्वतःच्या कमाईची नोट काढून घासाघीस करणं. तिकडे माझ्याजवळ कार्ड होतं, पण ते नवऱ्याच्या खात्यावरचं. मी काहीही घेतलं, की त्याच्या फोनवर संदेश जायचा. त्यानं कधीही हिशेब विचारला नाही, हे मुद्दाम सांगते. तरी संध्याकाळी तो घरी आला, की मीच सांगत सुटायची, "आज शाम्पू संपला होता म्हणून घेतला हं." न विचारता दिलेलं ते स्पष्टीकरण मला आजही टोचतं. नवरा चांगला असणं आणि हातात स्वतःचा पैसा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी आठवण सांगायला मला लाज वाटते. मला आमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या ताईंची फार आठवण यायची. आमच्या बायकांच्या गप्पांत हा विषय दर वेळी निघायचा. "इंडियात कसं, बाई मिळते!" सगळ्याजणी उसासा टाकायच्या आणि मीही टाकायची. एकदा संडास घासताना मनात आलं, की मला ताईंची आठवण येते, की त्यांच्या स्वस्त श्रमांची? त्यांच्या मुलीचं नाव तरी मला आठवतं का? आठवत नव्हतं. 'घरच्या सुखाची' म्हणून जी आठवण मी जपत होते, तिचा मोठा भाग दुसऱ्या बाईच्या कष्टांवर उभा होता. आपल्याकडे घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. पण आपल्यातल्या किती जणींनी कामाला येणाऱ्या बाईची त्या मंडळाकडे नोंदणी करून दिली आहे? मी केली नव्हती. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात केली. आठवड्याची एक भरपगारी सुट्टी ठरवली. मुलीचं नावही विचारलं.

चौथी आठवण माझी नाही, पुरुषांची आहे. पुरणपोळीची! मराठी मंडळींच्या जेवणात एखादा गृहस्थ डोळे मिटून म्हणायचा, "आईच्या हातची पुरणपोळी खाऊन किती वर्षं झाली!" मग पुढच्या सणाला ठरायचं, शंभर माणसांना पुरणपोळी. डाळ कोण शिजवणार? पुरण कोण वाटणार? रात्री दोनपर्यंत आम्ही पाचजणी लाटत असायचो. त्यांतल्या दोघींना सकाळी नोकरीवर जायचं असायचं. पुरुषाला देशाची आठवण आली, की बायकोचं काम वाढतं. मातृभूमीबद्दलचा उमाळा त्याचा आणि भांड्यांचा ढीग आमचा. ही श्रमविभागणी विमानात बसूनही आपल्याबरोबर येते.

पगारी काम करता येत नसलं, तरी विनामोबदला काम करायला मला मुभा होती. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्था तिकडे बऱ्याच आहेत. न्यू जर्सीत 'मानवी' १९८५ साली सुरू झाली, न्यूयॉर्कला 'सखी' १९८९ मध्ये, कॅलिफोर्नियात 'मैत्री' १९९१ मध्ये. अशाच एका गटात मी आठवड्यातून दोन दिवस फोन घ्यायची. एक फोन मी विसरू शकत नाही. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते.

एका मराठी बाईंनी विचारलं, "ताई, ज्वारीचं पीठ कुठं मिळेल?" मी दुकान सांगितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन, पुन्हा पिठाचीच चौकशी. मला वाटलं, चुकीच्या ठिकाणी फोन लागतोय. तिसऱ्यांदा आल्यावर मी पत्ता न सांगता विचारलं, "भाकरीची फार आठवण येते का हो?" त्या म्हणाल्या, "भाकरी मी माझ्या मनानं थापायची. इथं काय करायचं, किती करायचं, ते हेच ठरवतात. डबे उघडून बघतात." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात, माहेरी फोन करायचा तर त्याच्यासमोर, आणि महिन्यातून एखादेवेळी मारहाण. 'मला मारतात' हे वाक्य त्यांना तीन आठवडे उच्चारता आलं नाही. ज्वारीच्या पिठाचं नाव मात्र घेता आलं.

अगदी वेगळ्या परिस्थितीतली अशीच एक गोष्ट इथे परतल्यावर ऐकली. आमच्या कामाच्या वस्तीतली एक बाई कुवेतला घरकामासाठी जाऊन आली. तिला मी तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "आतल्या कडीची." मला कळेना. तेव्हा म्हणाली, "माझी झोपडी दहा बाय दहाची आहे, पण दाराला आतून कडी आहे. तिथं मोठा बंगला होता, मी स्वयंपाकघरात झोपायची आणि कुणीही कधीही आत यायचं." तिचा पासपोर्ट मालकाकडे होता. कमी शिकलेल्या बाईला घरकामासाठी आखाती देशांत जायला सरकारची परवानगी लागते आणि वयाची तिशी पूर्ण असावी लागते. पण एजंट पर्यटक व्हिसावर पाठवून हे नियम चुकवतात. मग सरकारच्या दप्तरी अशा बाईची कामगार म्हणून नोंदच राहत नाही. हिलाही तसंच पाठवलं होतं.

मैत्रिणींनो, तीन बायका, तीन आठवणी. एकीला लेडीज डबा आठवतो, दुसरीला भाकरी, तिसरीला दाराची कडी. तिघींच्या दुःखाची बरोबरी मी करत नाही. माझं दुःख सुरक्षित घरात बसून झालेलं होतं. पण रोजच्या साध्या वस्तूमागे आपलं काय हरवलंय, हे बाई बरोबर ओळखते, असं मला या तिन्हींतून दिसलं. आपण 'होमसिक झालीय, होईल सवय' म्हणून ते ऐकणं सोडून देतो.

तेव्हा आपल्या गटांनी काही गोष्टी कराव्यात. मुलगी परदेशी निघाली, की मसाल्यांच्या यादीबरोबर दुसरीही यादी करावी. पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला आणि पदवीच्या प्रमाणपत्रांच्या प्रती माहेरी ठेवाव्यात. इथलं तिचं बँक खाते चालू ठेवावं. गाडी येत नसेल तर जाण्याआधी शिकून घ्यावी. व्हिसा कोणता आणि त्यावर काम करता येतं का, हे लग्नाआधी विचारावं. अमेरिकेत जाणार असेल तर ९११ आणि घरगुती हिंसाचाराच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा १-८००-७९९-७२३३ हे दोन्ही नंबर पाठ करून घ्यावेत. एच-४ वरच्या पीडित बाईला स्वतःसाठी कामाचा परवाना मागण्याची तरतूद तिथल्या कायद्यात आहे, हेही तिला माहीत असावं. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करता येते, ते आपल्या कार्यकर्त्यांनी एकदा उघडून पाहावं. वस्तीतून कुणी आखातात निघाली, तर एजंट नोंदणीकृत आहे का आणि व्हिसा कामाचाच आहे का, हे बघितल्याशिवाय तिला जाऊ देऊ नये.

आणि फोनवर "काय खाल्लंस?" विचारून थांबू नका. "कशाची आठवण येते गं?" असं विचारा आणि उत्तर आलं, की लगेच ती वस्तू पार्सलनं पाठवायच्या मागे लागू नका. ती वस्तू का आठवते, ते आधी विचारा. तिच्या बोलण्यात मध्येच कुणाचा आवाज येतो का, ऐका. लोणचं नंतरही पाठवता येईल.