परकीय पाहुणा आणि त्याचा व्हिसा



महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांना परकीय पाहुणा नवा नाही. गुंथर सोन्थायमर हे जर्मन विद्वान धनगरांच्या वाड्यांवर जाऊन ओव्या ऐकत बसत. एलिनॉर झेलियट या अमेरिकन विदुषीने डॉ. आंबेडकरांच्या चळवळीचा अभ्यास हेच आपले जीवनकार्य मानले. गेल ऑम्व्हेट अभ्यासासाठी म्हणून आल्या, सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या झाल्या आणि १९८३ साली त्यांनी भारताचे नागरिकत्वच स्वीकारले. या मंडळींचे ग्रंथ आपल्याकडे आदराने वाचले जातात. परंतु परकीय माणूस ज्या कागदाच्या आधारे या भूमीवर पाऊल ठेवतो, त्या कागदाचा विचार गावात सहसा कोणी करीत नाही. तो विमानतळावरील अधिकाऱ्यांचा विषय, अशी समजूत असते. ही समजूत अपुरी आहे, आणि तिची किंमत बहुतेक वेळा पाहुण्यालाच मोजावी लागते.

पारपत्र म्हणजे पासपोर्ट. तो माणूस कोणत्या देशाचा हे सांगतो. व्हिसा सांगतो तो येथे कशासाठी आला हे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पाहिलेला कागद’ एवढाच आहे. पेशवाईतील कागदपत्रांत ‘दस्तक’ हा शब्द येतो. माल वा माणूस अमुक वाटेने जाऊ द्यावा, असा तो परवाना असे. व्हिसाही त्याच जातीचा. तो सरसकट मुभा देत नाही, सांगितलेल्या कामापुरतीच वाट मोकळी करतो.

हे तत्त्व महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांना दुसऱ्या बाजूने चांगले परिचयाचे आहे. मुलगा अमेरिकेत ‘एफ-१’ वर शिकत असेल, तर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक काम करता येत नाही, हे घरातील आजीलाही ठाऊक असते. जावई ‘एच-१बी’ वर असेल तर नोकरी गेल्यावर काय होईल, या चिंतेने सासरची झोप उडते. नातवंडाच्या जन्मासाठी जाणारे आईवडील दहा वर्षांचा व्हिसा हाती असूनही सहा महिन्यांत परततात, कारण तेथे राहण्याची मुदत व्हिसावरील तारखेने नव्हे, तर प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या तारखेने ठरते. इतके बारकावे जाणणारी हीच मंडळी, स्वतःच्या गावात एखादा परदेशी उतरला म्हणजे त्याला तसलेच नियम लागू आहेत हे विसरून जातात.

भारतातील या विषयाचा कायदा अलीकडेच नव्याने झाला आहे. १९२० चा पारपत्राविषयीचा, १९३९ चा परकीयांच्या नोंदणीविषयीचा, १९४६ चा परकीय नागरिकांविषयीचा आणि २००० चा वाहतूक कंपन्यांच्या जबाबदारीविषयीचा असे चार कायदे रद्द होऊन त्यांच्या जागी आप्रवासन व परकीय नागरिक अधिनियम, २०२५ हा एकच कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आला. व्हिसाची मुदत उलटून राहिल्यास किंवा व्हिसाच्या अटींविरुद्ध वर्तन केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, तीन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वैध पारपत्र वा व्हिसा नसताना प्रवेश केल्यास कारावासाची मर्यादा पाच वर्षे आहे. बनावट कागदपत्रे वापरणाऱ्यास किमान दोन व कमाल सात वर्षे.

व्हिसाचे वर्ग पुष्कळ आहेत. प्रवासी, व्यावसायिक, नोकरी, विद्यार्थी, संशोधन, वैद्यकीय, रुग्णासोबत येणाऱ्या नातलगांचा, परिषदेचा, पत्रकारांचा, धर्मप्रचारकांचा, चित्रपटाचा, गिर्यारोहणाचा, केवळ वाट बदलून पुढे जाणाऱ्यांचा, आणि २०२३ सालापासून आयुर्वेद, योग आदी उपचारांसाठी येणाऱ्यांचा ‘आयुष’ व्हिसा. ही यादी पाठ करण्याचे कारण नाही. गावाशी आणि शाळेशी ज्यांचा संबंध येतो असे तीनचार वर्ग नीट समजले म्हणजे पुरे.

सर्वांत जास्त येतात ते प्रवासी व्हिसावर. २७ नोव्हेंबर २०१४ रोजी घरबसल्या अर्ज करण्याची पद्धत सुरू झाल्यापासून हा व्हिसा मिळणे सोपे झाले. मुंबई, पुणे, नागपूर, तसेच गोव्यातील विमानतळांवर तो चालतो. त्यावर देश पाहावा, मित्र-नातलगांना भेटावे, योगाचा अल्पकालीन वर्ग करावा, हे सर्व चालते. जास्तीत जास्त एक महिना, कोणताही मोबदला न घेता, स्वयंसेवी कामही करता येते. त्यापुढे मात्र दार बंद आहे.

येथे एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या ठिकाणची एक शाळा आहे असे समजू. युरोपातील एक तरुण गावात प्रवासी म्हणून येतो, मुलांत रमतो. मुख्याध्यापक त्याला म्हणतात, “चार दिवस मुलांशी इंग्रजीत बोला.” येथवर काहीच बिघडलेले नाही. चार दिवसांचे चार आठवडे होतात. मुलांची जीभ सैल झालेली पाहून शाळा समिती त्याला परीक्षेपर्यंत थांबण्याचा आग्रह करते, एक खोली देते, जेवणाची व्यवस्था लावते आणि माणूस फुकट का राबवावा, या भल्या विचाराने दरमहा काही मानधन ठरविते. त्या क्षणी तो तरुण प्रवासी राहिला नाही. कायद्याच्या दृष्टीने तो परवान्याविना नोकरी करणारा परकीय झाला. कोणाच्याही मनात कपट नाही. तरीही चौकशी झाल्यास त्याला देशाबाहेर जावे लागेल आणि पुढे पुन्हा येण्याची वाट कदाचित कायमची बंद होईल. ज्या गावाने त्याला प्रेमाने ठेवून घेतले, त्याच गावाने त्याला या आपत्तीत लोटले असे म्हणावे लागेल.

मग अशा शाळेने काय करावे? नोकरीचा व्हिसा हा वेगळा वर्ग आहे आणि तो मायदेशातूनच घेऊन यावा लागतो. प्रवासी व्हिसा येथे बसून सामान्यतः बदलून मिळत नाही. नोकरीच्या व्हिसासाठी सर्वसाधारणपणे वार्षिक १६ लाख २५ हजार रुपये वेतनाची अट आहे. ही अट ठेवण्यामागे, जे काम येथील माणूस करू शकतो त्यासाठी बाहेरचा माणूस येऊ नये, हा हेतू आहे. आपल्या देशातील खास पदार्थ करणारे परकीय आचारी, भाषांतरकार आणि भाषाशिक्षक यांना या अटीतून सूट आहे. भाषाशिक्षकांत इंग्रजीच्या शिक्षकाला मात्र सूट नाही. जपानी शिकविणारा येऊ शकेल, इंग्रजी शिकविणारा त्याच पगारावर नाही. आपल्याकडे इंग्रजीचे शिक्षक आहेत, असे शासनाने गृहीत धरले आहे. ग्रामीण भागातील किती मुख्याध्यापक हे गृहीत मान्य करतील हा प्रश्न निराळा, पण नियम तो आहे. स्वयंसेवी संस्थेत विनावेतन दीर्घकाळ काम करू इच्छिणाऱ्यालाही नोकरीच्या वर्गातच, तशा खास नोंदीसह, व्हिसा मिळतो.

हाच घोटाळा शहरातही होतो. मुंबईत कुलाब्याच्या परिसरात फिरणाऱ्या परदेशी प्रवाशांना हिंदी चित्रपटांच्या गर्दीच्या दृश्यांत उभे करण्याचा प्रघात जुना आहे. दिवसाची मजा आणि थोडे पैसे, यापलीकडे त्या प्रवाशाला काही वाटत नाही. प्रवासी व्हिसावर पैसे घेऊन काम करता येत नाही, हे त्याला सांगावयाचे कोणी? बोलावणाऱ्या दलालाला त्याचे काही नसते.

विद्यार्थ्यांचा वर्ग पुण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा. विद्यार्थी व्हिसा विशिष्ट संस्थेशी आणि विशिष्ट अभ्यासक्रमाशी जोडलेला असतो. महाविद्यालय बदलावयाचे तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. परकीय विद्यार्थ्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास कळविणे हे नव्या कायद्याने शिक्षणसंस्थेचेच कर्तव्य ठरविले आहे. रुग्णालयांवरही तसेच बंधन आहे.

आता मुदतीविषयी, कारण बहुतेक चुका येथेच होतात. एका व्हिसाशी तीन वेगवेगळ्या गोष्टी जोडलेल्या असतात आणि लोक त्यांना एकच समजतात. व्हिसा कोणत्या तारखेपर्यंत वैध, ही एक. एका भेटीत किती दिवस राहता येईल, ही दुसरी. नोंदणी केव्हा करावी, ही तिसरी. पाच वर्षांचा व्हिसा असलेला प्रवासी पाच वर्षे येथे राहू शकत नाही. कागदी व्हिसाची वैधता तो दिल्याच्या दिवसापासून मोजली जाते, भारतात उतरल्याच्या दिवसापासून नव्हे. उलट ३० दिवसांच्या ई-प्रवासी व्हिसावर छापलेली अंतिम तारीख ही देशात येण्याची अंतिम तारीख असते. राहण्याचे ३० दिवस आगमनापासून मोजावयाचे. एका कागदावर एक हिशेब, दुसऱ्यावर दुसरा. सुशिक्षित माणूसही येथे फसतो, त्याला दोष देण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

राहिली नोंदणी. १८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीच्या विद्यार्थी, नोकरी, संशोधन, वैद्यकीय अशा व्हिसांवर येणाऱ्यांनी सामान्यतः आगमनानंतर १४ दिवसांत नोंदणी करावयाची असते. मुंबईत त्यासाठी प्रादेशिक कार्यालय आहे. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक हेच नोंदणी अधिकारी. २०१८ पासून हे काम बव्हंशी संगणकावरून होते. म्हणून वीस मैलांवरून येऊन दाराशी ताटकळण्याची गरज उरलेली नाही. पण १४ दिवसांची अट आहे तशीच आहे.

यजमानाचे कर्तव्य यापेक्षाही तातडीचे. कोकणात, सह्याद्रीच्या कुशीत, घरगुती निवासाची सोय करणारी कुटुंबे आता पुष्कळ झाली आहेत. परकीय पाहुणा मुक्कामास आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती संगणकाद्वारे नोंदणी अधिकाऱ्यास कळवावी लागते. अनेक वर्षे ‘फॉर्म सी’ या नावाने ओळखले गेलेले विवरण ते हेच. मोठी हॉटेले हे सवयीने करतात. दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या गृहिणीला मात्र ते कोणी सांगितलेलेच नसते. ग्रामपंचायतीने निवासव्यवस्थेची नोंद घेतानाच ही गोष्ट सांगितली, पोर्टलवर नाव नोंदवून दिले, तर पुढचा मनस्ताप टळेल. पोलीस पाटलाने येऊन धाक दाखविण्यापेक्षा ग्रामसेवकाने एकदा शेजारी बसून अर्ज भरून दाखविणे अधिक उपयोगाचे आहे.

याउलट, ज्यांना व्हिसा लागतच नाही अशांनाही कधी कधी विनाकारण अडविले जाते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबे येतात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसाची आवश्यकता नाही. भूतानच्या नागरिकांचेही तसेच. परदेशी नागरिकत्व घेतलेला गावचाच मुलगा ‘ओसीआय’ पत्र घेऊन गणपतीला घरी आला, तर त्यालाही वेगळा व्हिसा लागत नाही. पण त्या पत्रावर शेतजमीन विकत घेता येत नाही. धर्मप्रचार, पत्रकारिता वा संशोधन करावयाचे तर खास परवानगी काढावी लागते.

शांततेच्या काळात व्हिसाचा वर्ग म्हणजे कागदावरचे एक अक्षर वाटते. संकटात त्यावर माणसाचे भवितव्य ठरते. मार्च २०२० मध्ये विमाने थांबली तेव्हा येथे अडकलेल्या परकीयांचे व्हिसा शासनाने विनाशुल्क वाढवून दिले. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांपुढे अभ्यासक्रम संपला म्हणजे व्हिसा संपणार, आणि परतावे तर कोठे, असा प्रश्न उभा राहिला. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. बहुतेकांचे २७ एप्रिलपासून, वैद्यकीय व्हिसा मात्र २९ एप्रिलपर्यंत ग्राह्य. आजारी मुलाला घेऊन आलेल्या आईबापांच्या दृष्टीने त्या दोन दिवसांचे मोल काय असेल, याची कल्पना करावी. दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्यांना या आदेशातून वगळले होते. नागपूर, जळगाव, उल्हासनगर येथे सिंधमधून येऊन वर्षानुवर्षे राहिलेल्या हिंदू कुटुंबांना त्याच एका वर्गाने तारले. ज्यांनी तो अर्ज आळसाने वा अज्ञानाने लांबणीवर टाकला होता, त्यांची त्या आठवड्यात धावपळ उडाली असल्यास नवल नाही.

मुदत चुकून उलटलीच, तर पाहुण्याला लपवून ठेवणे किंवा ‘विमानतळावर बघू’ म्हणून पाठविणे, या दोन्ही गोष्टी घातक आहेत. नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करून, दंड भरून, देश सोडण्याची परवानगी घेता येते. पारपत्र हरविल्यासही हाच मार्ग. आधी पोलीस ठाण्यात तक्रार, नंतर त्याच्या देशाच्या दूतावासाकडून नवा कागद, आणि मग येथून निर्गमनाची परवानगी. येथे जन्मलेल्या परकीय दांपत्याच्या तान्ह्या मुलालासुद्धा स्वतःचे पारपत्र आणि ही परवानगी लागते. तिकिटे काढण्यापूर्वी प्रसूतिगृहातील जन्मदाखला घेऊन ते काम सुरू करावे.