मोटारीचा हिवताप



या व्यासपीठावर इतिहास, साहित्य आणि शेती यांवर बोलणारी विद्वान मंडळी येतात. माझे आयुष्य मोटारीच्या पोटाखाली पडून गेले. तेव्हा मजकडून आपण दुसरी अपेक्षा ठेवू नये. आज मी एका दुखण्याविषयी बोलणार आहे. ते येते आणि मिस्त्री दारात येण्यापूर्वी निघून जाते.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना हिवताप आठवत असेल. रोगी घरी कुडकुडे, आणि दवाखान्याच्या पायरीवर पोचेतो घाम येऊन टवटवीत होई. म्हणून जाणता डॉक्टर सांगे, ताप चढला असेल तेव्हा या, रक्त तेव्हा पाहू. आजच्या मोटारीला असाच ताप येतो, आणि तो तारांचा असतो.

पूर्वी एका बटणापासून एका दिव्यापर्यंत एक तार जाई. दिवा लागला नाही तर तार पाहावी, म्हणजे झाले. पुढे गाडीत लहान लहान संगणक आले: इंजिनाचा एक, ब्रेकचा एक, काट्यांच्या फळीचा एक. प्रत्येकाची प्रत्येकाशी निराळी तार ओढायची तर गाडीत माणसापेक्षा तारच जास्त बसेल. तेव्हा जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ साली एक निराळी योजना हाती घेतली आणि १९८६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील डेट्रॉइट येथे इंजिनिअरांच्या परिषदेपुढे ती मांडली. तिला कॅन बस म्हणतात. आपल्या एसटीशी तिचा संबंध नाही. ही गावच्या चावडीसारखी आहे: एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा, आणि सगळे संगणक त्यांवरच बोलतात व ऐकतात. दोघे एकदम बोलू लागले तर ज्याचा निरोप अधिक महत्त्वाचा ठरवलेला असेल त्याचा पुढे जातो, दुसरा थांबतो. सभाशास्त्राचा हा नियम तारांना पाळता येतो, आपल्याला का येत नाही, हे अध्यक्षमहाराजांनी सांगावे.

कोणी बोलत नसते तेव्हा दोन्ही तारांवर अडीच व्होल्ट असतात. बोलताना एक साडेतीनवर चढते, दुसरी दीडवर उतरते. ऐकणारा त्यांतील फरक तेवढा पाहतो. बाहेरचा गोंगाट पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि फरक तसाच राहतो. वाटेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. बॅटरी सोडून मीटर लावला तर दोन्ही मिळून ६० दाखवतात. हा आकडा कृपा करून ध्यानात ठेवा.

आता हकीकत सांगतो. मलकापूर ते बुलडाणा प्रवासी वाहणारी एक काळी-पिवळी होती. गाडी कर्जाची, हप्ता महिन्याचा. भरल्या गाडीने राजूर घाट चढताना इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा एकाएकी शून्यावर पडे, दोनतीन दिवे पेटत, कधी ओढही जाई. मागे एसटी, बाजूला दरी, आणि गाडीत बायामुले. दोन वळणे गेली की सर्व पूर्ववत. एका मोठ्या कारखान्यात स्कॅनर लावला, तेव्हा ‘इंजिनाच्या संगणकाशी संपर्क तुटला’ असा संकेत निघाला. लगेच नवा संगणक बसविला गेला. त्यासाठी घरातील सोने सावकाराकडे गेले. चौथ्या दिवशी घाटात काटा पुन्हा पडला.

इथे माझा त्या विद्वानांशी मतभेद आहे. संपर्क तुटला हे सांगणारा कोण? दुसरा संगणक. त्याला आवाज आला नाही, एवढेच तो सांगतो. बोलणारा मुका झाला की मधला रस्ता तुटला, हे त्याला कसे कळावे? साक्षीदाराच्या जबानीवरून आरोपीला फाशी द्यावी तसा हा प्रकार झाला. शिवाय त्यांनी कागदावर काही न टिपता आधी संकेत पुसून टाकले होते. बिघाड झाला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापले होते, याची नोंद पुष्कळ गाड्यांत संकेतासोबत राहते. तीही गेली.

मी स्कॅनर बाजूला ठेवला आणि चालकाला चहा दिला. विचारले, पावसात होते का? गाडी रिकामी असताना? धक्क्याने? तो विचार करून म्हणाला, “मास्तर, चढतानीच होते. उतरतानी काहीच नाही.”

अर्धे निदान त्या एका वाक्यात झाले. उष्णतेचा दोष असता तर घाटाखालच्या उन्हात मलकापूरच्या थांब्यावरही तो दिसला असता. पाण्याचा असता तर मृगात दिसला असता. चढताना आणि उतरताना काय बदलते? इंजिन रबरी पायांवर बसलेले असते. ओझे ओढताना ते एका अंगाला कलते, आणि उतारावर गाडीच इंजिनाला ढकलते तेव्हा दुसऱ्या अंगाला. म्हणजे सांगाड्यावरून इंजिनाकडे जाणारा तारांचा जुडगा चढावर ताणला जात असला पाहिजे.

तरी अनुमानावर विसंबलो नाही. ऑसिलोस्कोप जोडून, तेवढ्याच वजनाची धान्याची पोती भरून घाट चढलो. तिसऱ्या खेपेला पडद्यावरची आकृती विसकटली आणि त्याच क्षणी काटा पडला. ताप चढलेला असताना रक्त मिळाले. परत येऊन बॅटरी सोडली आणि तपासणीच्या सॉकेटात सहा व चौदा क्रमांकांच्या पिनांना मीटर लावला. साठ. मग मुलाला सांगितले, जुडगा वीतवीत हलवीत जा. कपलरापाशी काही नाही. अर्थिंगच्या बोल्टापाशी काही नाही. इंजिनाकडे वळतो तेथे त्याने हलकेच ओढले आणि मीटर १२० वर गेला. सोडले, पुन्हा साठ. एका टोकाचा रोधक वाटेतून सुटत होता, आणि तो इंजिनाच्या संगणकातला होता.

टेप सोडून पाहिले. वरचे आवरण शाबूत, आतले तांबे तुटलेले; दोन टोके एकमेकांना जेमतेम टेकलेली. मागे कधी क्लच बदलताना कोणी क्लिप लावायची विसरला होता आणि जुडगा प्लास्टिकच्या पट्टीने ताणून बांधला होता. तेवढा तुकडा बदलला, सांधे झाळून बंद केले, पीळ पूर्वीसारखा दिला. हे महत्त्वाचे आहे. पुष्कळ मंडळी येथे सरळ तार जोडून मोकळी होतात आणि नवा रोग निर्माण करतात. शेवटी जुडग्याला चार बोटे सैल ठेवून क्लिप लावली.

दुसऱ्या दिवशी तो भरली गाडी घेऊन तीन वेळा घाट चढला. संध्याकाळी काढून टाकलेला जुना संगणक पिशवीतून घेऊन आला. मी तो बसवून पाहिला. गाडी तशीच उत्तम चालली. नवा काढून त्याच्या हातात दिला. तो परत करायला तो दोनदा त्या कारखान्यात गेला, परंतु विकलेला विद्युत-माल ते परत घेत नाहीत असे पावतीच्या मागे छापलेले होते.